प्रश्न त्यांचा, शरीर आपलं

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



व्याख्यानमालेत डॉक्टर बोलणार म्हटलं की मधुमेहात भात खावा का, गुडघे बदलून घ्यावेत का, हे ऐकायच्या तयारीनं लोक येतात. पुढच्या रांगांत दोन-चार वह्याही उघडलेल्या दिसतायत. त्यांची आज थोडी निराशा होईल. ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते गणित शिकवायचे आणि उत्तर बरोबर आलं तरी रीत विचारायचे, असं मला इथं आल्यावर कळलं. तेव्हा मीही आज उत्तरं सांगत नाही. अमुक औषध लागू पडतं हे उत्तर ज्या रीतीनं काढतात, त्या रीतीबद्दल बोलतो. त्या रीतीत आकड्यांच्या जागी माणसं असतात, आणि उद्या त्यांत तुमच्या घरातलं कुणीही असू शकतं.

माझी नोकरी औषधशास्त्र शिकवण्यात गेली. पुढं एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत, बरीच वर्षं बसलो. तिथं जे दिसलं त्याच्या आधारानं बोलतोय.

प्रसंग साधारण असा असतो. गावाकडचा पेशंट मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात येतो. चार तपासण्या होतात, पैसे संपत आलेले असतात. मग ओपीडीच्या बाहेर एक चुणचुणीत मुलगी भेटते. तिच्या गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. ती को-ऑर्डिनेटर. ती म्हणते, ‘काका, सरांकडं एक स्टडी चालू आहे. तुम्ही त्यात बसताय. औषध, तपासण्या सगळं फ्री.’ घरातले एकमेकांकडं बघतात. एकाच्या मनात येतं, आपल्यावर प्रयोग करणार. दुसऱ्याच्या मनात येतं, नवीन आहे, फुकट आहे, सरांनी सांगितलंय, म्हणजे चांगलंच असणार. पहिला घाबरतो तो निदान चार प्रश्न तरी विचारतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्याची.

कारण ही ‘स्टडी’ म्हणजे क्लिनिकल ट्रायल, आणि ट्रायल हा उपचार नव्हे. ती उपचारासारखी दिसते. तोच दवाखाना, तेच डॉक्टर, तीच सलाईनची बाटली. पण उपचारात डॉक्टर तुमच्याकडं बघून निर्णय घेतो. आज ताप आहे तर डोस कमी करू, पुढच्या आठवड्यात बघू. ट्रायलमध्ये बरेचसे निर्णय तुम्ही येण्याआधीच एका जाडजूड दस्तावेजात लिहून ठेवलेले असतात. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. कुठल्या दिवशी रक्त घ्यायचं, किती घ्यायचं, डोस कधी बदलायचा, कधी थांबवायचं, सगळं त्यात. ट्रायलचा हेतू एका प्रश्नाचं उत्तर काढणं हा असतो, आणि ते उत्तर बहुधा तुमच्यानंतर येणाऱ्या पेशंटांच्या उपयोगी पडतं. तुम्हाला फायदा झाला तर उत्तमच, पण त्याची हमी कुणी देऊ शकत नाही. देत असेल तर तिथंच उठावं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरांना माहीत असतंच की काय चांगलं, मग एवढा खटाटोप कशाला? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

स्तनाचा कर्करोग शरीरात दुसरीकडं पसरलेला असताना ज्या बाई पहिल्यांदा डॉक्टरकडं येतात, त्यांच्या स्तनातली मूळ गाठ काढावी का? शल्यविशारदांना वाटायचं, काढावी. मूळच उपटलं तर रोग मंदावेल, हे कुणालाही पटण्यासारखं. जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांतही गाठ काढलेल्या बायका जास्त जगल्याचं दिसत होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 ते 2013 या काळात 350 बायकांवर याची रीतसर चाचणी केली. निम्म्यांच्या मूळ गाठीवर शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे किरणोपचार केले, निम्म्यांच्या नाही. निकाल 2015 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. गाठ काढलेल्या गटाचं आयुष्य मध्यकानं 19.2 महिने, न काढलेल्या गटाचं 20.5. म्हणजे शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढलं नाही. जुन्या नोंदींत फरक का दिसला होता? कारण ज्या बायका मुळातच बऱ्या अवस्थेत होत्या, त्यांनाच शल्यविशारद शस्त्रक्रियेसाठी निवडत होते. डॉक्टरच्या नजरेनं केलेली निवड निकालात मिसळली होती.

दुसरं उदाहरण मद्रासचं. 1956 साली तिथं क्षयरोगावर एक चाचणी सुरू झाली. तोवर क्षय म्हटलं की सॅनिटोरियम, हे समीकरण ठरलेलं. मिरजेची हवा इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि घरच्यांपासून दूर. मद्रासमध्ये गरीब वस्त्यांतल्या पेशंटांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, दुसऱ्याला तीच औषधं घरी. घरच्या गटाचं खाणं निकृष्ट, खोली दाटीची, कामाला सुट्टी नाही. तरी वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झालेले निघाले. घरातल्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरच्या गटात जास्त आढळलं नाही. औषध काम करत होतं, हवा नव्हे. या एका चाचणीनं जगभर क्षयाचा उपचार घरी करायला सुरुवात झाली. पुढं कोट्यवधी पेशंट घर न सोडता बरे झाले असतील, तर त्यामागं मद्रासच्या त्या लोकांचं कर्ज आहे.

तेव्हा ‘डॉक्टरांना माहीत नाही’ हे ट्रायलमध्ये लाजिरवाणं नसतं, ती तिची पूर्वअट असते. दोन उपचारांतला कुठला बरा हे तज्ज्ञांना खरोखरच ठाऊक नसेल, तेव्हाच माणसांना दोन गटांत वाटणं नैतिक ठरतं. आणि वाटप चिठ्ठी टाकून करायचं. संगणक ठरवतो तुम्ही कुठल्या गटात. डॉक्टरनं ठरवलं तर मघाची ती नजर पुन्हा आत शिरते. पुष्कळदा कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, पेशंटलाही नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात. पेशंटांना हे फार खटकतं. ‘सरांना माहीत नाही म्हणजे काय?’ पण जीव धोक्यात आला तर ते गुपित लगेच फोडायची सोय ठेवलेली असते, आणि ती कोण, कशी वापरणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली, औषधासारखी दिसणारी गोळी, याबद्दल गैरसमज खूप. ज्या रोगावर चालणारं औषध उपलब्ध आहे, तिथं पेशंटला नुसत्या साखरेच्या गोळीवर सोडणं सहसा चालत नाही. बहुतेक वेळा नेहमीचं औषध दोन्ही गटांना असतं आणि त्यावर नवं औषध किंवा प्लॅसिबो दिलेलं असतं. पण ‘बहुतेक’ म्हणतोय मी. तुमच्या ट्रायलमध्ये काय आहे ते तुम्हीच विचारायचं.

संमतीकडं वळतो. आणि त्यासाठी 1897 च्या मुंबईत जावं लागेल.

प्लेगानं शहर रिकामं होत होतं. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस बनवली आणि 10 जानेवारीला स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आलं, कुणाला टोचून घ्यायचंय? निम्म्याच्या आसपास कैदी पुढं आले. टोचलेल्यांत प्लेग कमी झाला, न टोचलेल्यांत जास्त. लशीच्या बाजूनं पहिला मोठा पुरावा मिळाला तो तुरुंगातून. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवं. स्वतःच्या अंगावर आधी घेणारा शास्त्रज्ञ आज सापडायचा नाही. पण विचार करा, बाहेर प्लेग, आत प्लेग, समोर जेलर आणि गोरा डॉक्टर. त्या कैद्याचं ‘हो’ किती स्वतःचं होतं? आजच्या नियमांत कैदी हा दुर्बल, म्हणजे ज्याच्या संमतीकडं जास्त काळजीनं बघायचं अशा गटात मोडतो. त्या काळी ही कल्पनाच नव्हती. माणसाची स्वेच्छेनं दिलेली संमती ही पहिली अट म्हणून लिहिली गेली ती 1947 साली, न्यूरेंबर्गला, नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याच्या निकालात.

तुरुंग नसला तरी दडपण असतंच. आपल्याकडं डॉक्टर देव असतो. ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ असं म्हणून पेशंट मोकळा होतो. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर सर रागावतील, पुढच्या वेळी रांगेत शेवटी उभं करतील. सही होते. कायद्यानं ती संमती असते, मला मात्र ती भीड वाटते.

भिडेचं टोक बघायचं असेल तर 2009-10 सालचं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं खम्मम आणि गुजरातेतलं बडोदा बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवरची लस तिथं 10 ते 14 वर्षांच्या मुलींना एका प्रकल्पात दिली गेली. खम्मममध्ये आदिवासी मुलींच्या कितीतरी अर्जांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुली मरण पावल्या. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, आणि ती लस आज जगभर उत्तम मानली जाते, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कुणी नातीला लस द्यायची थांबेल. पण त्या प्रकल्पाला ट्रायल न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं होतं. संसदीय समितीनं 2013 सालच्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कुणी ‘हा अभ्यास आहे’, ‘हा प्रकल्प आहे’, ‘हे शिबिर आहे’ असं म्हणालं, तर सरळ विचारावं, हे संशोधन आहे का? असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी कुठली?

त्याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची क्लिनिकल ट्रायलबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. न्यायालयानं सरकारला फैलावर घेतलं, नियम घट्ट झाले, नव्या ट्रायल एकदम रोडावल्या. अखेर 2019 साली नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे स्वतंत्र नियम आले. पेशंटाच्या दृष्टीनं आज जे काही हक्क आहेत त्यातले बरेचसे त्या नियमांत आहेत. ते वाचायला रुक्ष आहेत, पण त्यांतला एक कागद मला तुम्हाला जवळून दाखवायचाय.

संमतीपत्र. आधी रुग्ण माहितीपत्रक येतं, पंधरा-वीस पानांचं. मग सहीचा भाग. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि खाली नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. एका काकांना हे वाचून दाखवत होते तेव्हा मी शेजारी होतो. सोलापूरकडचे शेतकरी. इतका वेळ ते मान हलवत होते. नॉमिनीपाशी आल्यावर ताठ झाले. ‘एलआयसीत विचारतात तसं? म्हंजे मी मरणार व्हय?’ को-ऑर्डिनेटर गडबडली, म्हणाली, ‘नाही नाही काका, फॉर्मॅलिटी आहे.’ मला ते उत्तर आवडलं नाही. फॉर्मॅलिटी नाहीच ती. ट्रायलमुळं मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची हे त्या रकान्यावर ठरतं. काकांनी नेमका हवा तो प्रश्न विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर त्यांना मिळायला हवं होतं. तिथं मधे पडून मी ते दिलं. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘आता कुठं कळलं काय करताय ते.’ त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. मुलाला घेऊन आले, मग केली.

हेच मला सांगायचंय. कागद घरी न्या. हातात कागद देऊन ‘इथं, इथं आणि इथं’ असं दाखवत सह्या घेणारं कुणी भेटलं तर सही करू नका. घरच्यांशी बोला, आपल्या गावच्या डॉक्टरला दाखवा. कागद मराठीत मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे, आणि त्यानं सही करायची. नव्या रेणूची चाचणी असेल आणि पेशंट दुर्बल गटातला असेल तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण व्हावं लागतं. सही झाली की माहितीपत्रक आणि संमतीपत्र या दोन्हींची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती मिळाली नाही तर बाकी काहीही ऐकू नका, आधी ती मागा.

त्या कागदावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. ही कमिटी काय चीज आहे? कमीत कमी सात जण. त्यांत एक कायदा जाणणारा, एक सामान्य माणूस, निदान एक स्त्री. निम्मे तरी सदस्य त्या रुग्णालयाबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच. सामान्य माणूस म्हणून आमच्याकडं एक निवृत्त बँक अधिकारी होते. औषधातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण ‘हे वाक्य माझ्या बायकोला समजणार नाही’ असं म्हणून त्यांनी जितके मसुदे परत पाठवले तितके आम्ही प्राध्यापकांनी पाठवले नसतील. कमिट्या सगळ्याच अशा चालतात असं मात्र नाही. काही ठिकाणी चहा-बिस्किटांत विषय मंजूर होतात. म्हणून कमिटीची मंजुरी आहे एवढ्यावर विसंबू नका.

दुसरी पडताळणी घरबसल्या होते. भारतात होणाऱ्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती 2007 साली सुरू झाली, इंटरनेटवर फुकट बघता येते. शाळकरी नातवाला सांगितलं तरी दोन मिनिटांत शोधून देईल. ट्रायल कोण करतंय, पैसा कुणाचा, किती केंद्रांवर, तुलना कशाशी, हे सगळं तिथं सापडतं. नोंद म्हणजे सरकारनं औषध चांगलं असल्याचं दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. काही जाहिरातबाज मंडळी सीटीआरआयचा नंबर छापून भोळ्या गिऱ्हाइकाला भुलवतात.

पैसा कुणाचा, हा प्रश्न विचारायला संकोचू नका. औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये रुग्णालयाला दर पेशंटमागं ठरलेली रक्कम मिळते. त्यात गैर काही नाही. नर्सचा, तपासण्यांचा, को-ऑर्डिनेटरचा खर्च त्यातूनच निघतो. पण ज्या डॉक्टरवर आपण विश्वास टाकतोय त्याला आपण आत जाण्यात काही मिळतंय का, हे कळायला नको? तुमच्या येण्याजाण्याचा खर्चही मिळायला हवा. त्यासाठी घातलेली रक्कम कमिटीनं मंजूर केलेली असते.

आता नुकसान झालं तर. नियम सोप्या भाषेत असा. ट्रायलमध्ये असताना इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत, आणि ते गरज असेल तोवर, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईतोवर. इजा ट्रायलमुळंच झाली असं ठरलं तर शिवाय पैशातली भरपाई. औषधाचा दुष्परिणाम, प्रोटोकॉल मोडणं, डॉक्टरची हयगय, ट्रायलसाठी केलेल्या तपासणीनं झालेली इजा, हे सगळं यात येतं. गंभीर प्रकार घडला तर मुख्य संशोधकानं 24 तासांत सरकारी औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं असतं. मृत्यूच्या भरपाईचं एक सूत्र आहे, वय आणि मूळ आजाराची गंभीरता यांवर बेतलेलं. त्यानुसार रक्कम 4 लाखांपासून 73.60 लाखांपर्यंत जाते. जो आधीच मृत्युशय्येवर आहे, महिन्याभरात वाचण्याची आशा जवळजवळ नाही, त्याच्यासाठी सरसकट 2 लाख. वय वाढलं की भाव उतरतो, हे मला सत्तरीत वाचताना जरा बोचतं. पण सूत्र नव्हतं तेव्हा ज्याच्या हाती जेवढं पडेल तेवढं असा कारभार होता.

हे सगळं तुमच्या बाजूनं झालं. तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. खरं सांगणं. प्रत्येक व्हिजिटला उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असतात, तिथं त्या मोजतात. चार दिवस लग्नाला गेलो, गोळ्या राहिल्या, आता सर ओरडतील, म्हणून मोरीत टाकून रिकामी पाकिटं नेणारे पेशंट मी पाहिलेत. कुणी वैद्याचा काढा चालू ठेवतं आणि सांगत नाही. कुणी दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन ट्रायलमध्ये असल्याचं लपवतं. यात तुमच्या जिवाला धोका आहे, आणि उत्तर चुकतं ते वेगळंच. ट्रायलचं जे कार्ड देतात ते पाकिटात ठेवा. अपघात झाला तर ते पाहून दुसऱ्या रुग्णालयातला डॉक्टर फोन करू शकतो.

आणि बाहेर पडणं. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. त्यानं तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. हे संमतीपत्रातच छापलेलं असतं. फक्त औषध एकदम बंद करू नका. काही औषधं अचानक थांबवली तर त्रास होतो. जाऊन सांगा, मी थांबतोय. औषध थांबवलं तरी तपासणीला येत राहिलात तर त्या माहितीला मोल असतं, पण तेवढंही करायचं नसेल तर तसं सांगायला मोकळे आहात.

इतका वेळ मी सावध करत होतो. आता एक अवघड गोष्ट, जिथं माझंही मत डळमळतं.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली लियोंची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून एक प्रचंड चाचणी केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका. गावांचे चार गट. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वेगवेगळ्या पद्धतीनं एकदा तपासणी, चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. निकाल 2009 साली आला. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं 34 बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले. गरीब देशांनी तपासणी कशी करावी याबद्दलचे जगातले निर्णय या मराठवाड्यातल्या बायकांच्या आधारानं झाले.

पण त्या चौथ्या गटाचं काय? टीकाकार म्हणाले, तपासणीचा फायदा होतो हे पाश्चात्त्य देशांत ठाऊक असताना हजारो बायकांना विनातपासणी ठेवणं अनैतिक. संशोधक म्हणाले, देशात तपासणी कुणालाच मिळत नव्हती, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. आणि ज्या पद्धतीचा इथं उपयोग होतो की नाही हे माहीत नाही ती सरकारला कशी सांगायची? हाच वाद पुढं रोटाव्हायरस लशीच्या चाचणीतही झाला. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरातली 6,799 बाळं. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याला प्लॅसिबो, बाजारात परदेशी महाग लशी असताना. त्या चाचणीतून स्वस्त देशी लस उभी राहिली, ती 2016 पासून सरकारी लसीकरणात आली. मला विचाराल तर उस्मानाबादची चाचणी झाली हे बरं झालं असंच मी म्हणेन. पण चौथ्या गटातल्या बाईला ‘तुमच्या गावाला तपासणी नाही, शेजारच्या गावाला आहे, आणि ती परदेशात उपयोगी ठरलीय’ हे स्वच्छ शब्दांत सांगितलं गेलं असेल तरच. आणि तसं सांगितलं तर ती चौथ्या गटात राहील का? इथं मी अडकतो.

शेवटी आणखी एका प्रकारच्या ट्रायलबद्दल, ज्यात कंपनीला रस नसतो. पुन्हा टाटा, पुन्हा डॉ. बडवे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना देतात तेच, भूल देणारं, काही रुपयांचं. भारतातल्या 11 केंद्रांवर जवळपास 1,600 बायका. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात 90.1 टक्के, न दिलेल्या गटात 86.4. निकाल 2023 साली प्रसिद्ध झाला. पेटंट संपलेल्या, मातीमोल औषधावर कोण पैसे घालणार? असे प्रश्न सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतच विचारले जातात, आणि तिथं पेशंट ‘हो’ म्हणाले नाहीत तर विचारलेच जाणार नाहीत. म्हणून ट्रायल म्हटलं की पाठ फिरवू नका. प्रश्न काय आहे ते विचारा. प्रश्न आपल्या लोकांच्या उपयोगाचा वाटला, कागद समजला, नुकसानीची सोय दिसली, तर जरूर जा.

आणि संपल्यावरही विचारा. औषधानं गुण आला आणि दुसरा उपाय नसेल तर, संशोधकानं शिफारस केल्यास आणि कमिटीनं मंजुरी दिल्यास, ट्रायलनंतरही ते मोफत मिळण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. फार थोड्या पेशंटांना ती माहीत असते. निकालही विचारा. वर्षानुवर्षं रक्त देणाऱ्या माणसाला शेवटी काय निघालं हे कुणी पोस्टकार्ड टाकून कळवत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी बेअदबी आहे. एथिक्स कमिटीला येणारे बहुतेक फोन दिवाळीत केंद्र बंद आहे का, एवढंच विचारायला येतात. ‘माझ्या ट्रायलचं काय झालं?’ असं विचारणारा फोन माझ्या आठवणीत एकही नाही. नंबर कागदावर छापलेला असतो.

वेळ झालीय, अध्यक्षांनी घड्याळ दोनदा पाहिलं. प्रश्न घेऊ या. मधुमेहातल्या भाताचाही चालेल.